अर्ध्यावर अडलेला काटा

आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा अकरा महिने अर्ध्यावर उभा होता. टाकी भरा, रिकामी करा, त्याला फरक पडत नसे. "बिघडलेला नाही तो, समाधानी आहे," असं अप्पा म्हणत. अप्पा म्हणजे माझे वडील, रावसाहेब. टेलिफोन खात्यातून निवृत्त. एकोणीस वर्षांची गाडी त्यांची, त्यामुळे मतही त्यांचंच. कोथरूडहून वाघोलीच्या कॉलेजात शिकवायला मात्र मी जायची, आणि किलोमीटर मोजून पेट्रोल भरायची.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मोजायचं राहिलं. वाघोलीच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. भुरभुर पाऊस होता. मागची मंडळी हॉर्न वाजवून सांत्वन करत होती.

काचेवर टकटक झाली. रेनकोटमधला एक उंच माणूस, पापण्यांवर थेंब.

"पेट्रोल संपलंय, मॅडम."

"काटा अर्ध्यावर आहे."

"काटा काय... काहीही म्हणल."

पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. त्यानं स्वतःच्या मोटारसायकलची नळी काढली, माझ्या पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल उतरवलं आणि माझ्या टाकीत ओतलं. या शहरात वीस वर्षांत मला कुणी वळायला जागा दिली नव्हती. हा पेट्रोल देत होता. आभार मानायला मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "बाटली नवीन होती."

तो हसला. "मग काटाच बघायला येतो. रविवारी... चालेल?"

त्याचं नाव उत्तरेश्वर. मूळचा करमाळ्याचा, रांजणगावच्या एका कारखान्यात गाड्यांचे मीटर तपासायचा, वाघोलीत राहायचा. वाघोलीहून कोथरूडला यायचं म्हणजे अख्खं पुणं आडवं कापायचं. रविवारी दहाच्या ठोक्याला तो दारात होता.

मागची सीट उचलून त्यानं टाकीवरचं झाकण उघडलं आणि दोन वायरी एकमेकींना टेकवल्या. पुढे अकरा महिन्यांचा समाधानी काटा ताडकन उठून पूर्ण भरलेल्यावर गेला.

"मीटर शहाणाय," तो म्हणाला. "टाकीत तरंगणारा फ्लोट अडकलाय. तो जे सांगतो, तेच बिचारा दाखवतो."

"म्हणजे दोष सांगणाऱ्याचा."

"बऱ्याचदा... न सांगणाऱ्याचा असतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पान्याकडे.

अप्पा शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभे होते. ते कुणासाठी काही धरून उभे राहिल्याची आमच्या घरात नोंद नव्हती.

दुसऱ्या रविवारी नाना पेठेतून आणलेला फ्लोट बसला आणि काटा खरं बोलू लागला. पण किल्ली फिरवली की समोरचे सगळे दिवे क्षणभर लागून हजेरी देतात, त्यात पेट्रोल संपत आल्याचा पिवळा दिवा गैरहजर होता. तिसऱ्या रविवारी मीटरवरची काच-पट्टी उतरवून त्यानं नवा बल्ब घातला. दिवा लागला. मला वाईट वाटलं.

कारण आता दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. गाडी बरी झाली की त्याला कोथरूडला यायचं कारण नव्हतं आणि मला "या" म्हणायला तोंड नव्हतं. तो निघताना म्हणाला, "काही वाटलं तर फोन करा... म्हणजे, गाडीला." मी म्हटलं, "हो, गाडीला."

बुधवारी किल्ली फिरवली. पिवळा दिवा गैरहजर. इतक्या आनंदानं बिघाडाची तक्रार आजवर कुणी केली नसेल.

चौथ्या रविवारी त्यानं पट्टी उतरवली आणि आत पाहिलं. अप्पा चहा टाकायला वर गेले होते.

"बल्ब उडाला नाही," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी काढलाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे.

"अहो, मला स्क्रूड्रायव्हर कुठून धरायचा तेही माहीत नाही," मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्हीच जाताना..."

"मी? मी चांगला बसवला होता." तो थांबला. "मला वाटलं, तुम्ही काढला. म्हणजे... मी परत यावं म्हणून."

"आणि?"

"आणि काय. बरं वाटलं."

त्याच्या बोटांना ग्रीस होतं, माझ्या हातात चार स्क्रू. मी ते त्याच्या तळहातावर ठेवले आणि हात लगेच मागे घेतला नाही.

"मी काढला नाही," मी म्हटलं, "पण मला सुचायला हवं होतं."

जिन्यात खोकला आला. अप्पांनी चहाचा ट्रे गाडीच्या टपावर ठेवला, खिशातून चष्म्याचं घर काढून उघडलं. आत कापसावर बल्ब.

"तीन रविवार उजेड धरला, तेवढ्यात शिकलो," ते म्हणाले. "तुम्हा दोघांच्या वेगानं माझा जन्म संपला असता. साखर कमी आहे, ढवळून घ्या."

उत्तरेश्वरनं बल्ब बसवला. मग घसा साफ करून म्हणाला, "काका, दिवा वेळेवर लागतो का, ते टाकी रिकामी होईपर्यंत चालवल्याशिवाय कळायचं नाही. आता आहे त्यात पावणेदोनशे किलोमीटर जाईल."

"करमाळा किती आहे?" अप्पांनी विचारलं.

"साधारण... तेवढंच. आई असते तिथं."

अप्पा आधीच मागच्या सीटवर जाऊन बसले होते.

गाडी मी चालवली. काटा प्रामाणिकपणे खाली येत राहिला. जेऊरच्या पुढे, दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर मोकळा रस्ता असताना तो पिवळा ठिपका उजळला. त्याचा हात गिअरवरच्या माझ्या हातावर आला आणि तिथंच राहिला.

"थँक्यू," मी म्हटलं. एका महिन्यानं का होईना, नीट म्हटलं.

"कशाला, मॅडम?"

"आनंदी म्हणा."

"आनंदी," तो म्हणाला, सावकाश, तपासून घेतल्यासारखं.

मागून अप्पा म्हणाले, "डावीकडे पंप आहे. थांबा, नाहीतर पुन्हा बाटली लागेल."