तोतया मूळ संख्या

शनीकडे निघालेल्या ‘अरुंधती’ यानात कप्तान लोटलीकर हृदयविकाराने गेले, त्यानंतर तीन तासांनी शीतनिद्रा कक्षात गळती सुरू झाली. आत एकशे बारा प्रवासी झोपले होते. दुरुस्ती आतूनच करायला हवी होती आणि दार बंद होतं. किल्ली कप्तानांच्या मनगटातल्या चकतीत होती. नाडी थांबताच ती नियमानुसार कोरी झाली. पृथ्वीवरही प्रत नव्हती.

जागे दोघंच. अभियंता फिरोज मुलाणी आणि गणितज्ञ हेमांगी सोनटक्के.

“दार कापू?” फिरोजने विचारलं. त्याची बायको शबनम आत होती.

“एकदम ऊब लागली तर सगळे जातील. गळती जिवावर बेतायला नऊ दिवस आहेत. मी कुलपाची जाहीर संख्या फोडून बघते.”

“सहाशे अंकांची संख्या, ताई?”

“ती दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार आहे. त्या दोन मिळाल्या की किल्ली तयार करता येते. पण तशा शोधायला हजारो वर्षं लागतील.”

तरीही तिने यंत्राला लहान अवयव शोधायला लावलं. दुसरं काही हाताशी नव्हतं. फिरोज गळतीवर बाहेरून तात्पुरती ठिगळं लावत राहिला.

सहाव्या दिवशी पडद्यावर त्रेचाळीस अंकी अवयव उमटला. मग दुसरा. एकूण सात. उरलेली तीनशे अंकी संख्या मात्र अस्सल मूळ निघाली.

“म्हणजे दोनपैकी एक संख्या मूळ नव्हतीच?” फिरोज म्हणाला. “मग कुलूप इतकी वर्षं चाललं कसं?”

“पाचशे एकसष्ट घे. तीन, अकरा आणि सतरा यांचा गुणाकार. पण मूळ संख्या ओळखायची जी सोपी चाचणी आहे, तिच्यात तो मूळ संख्येसारखाच वागतो. तोतयाच. आणि कुलपालाही नेमकं तेवढंच वागणं लागतं. म्हणून कुणाला संशय आला नाही.”

संध्याकाळी दार उघडलं. गळती थांबली. एकशे बाराही जणांचे श्वास संथ, नीट चालू होते. फिरोज शबनमच्या काचेवर हात टेकून बराच वेळ उभा राहिला.

“ही संख्या तपासली कुणी, ताई? त्याचे पाय धरायला हवेत.”

“मीच,” हेमांगी म्हणाली. “बावीस वर्षांपूर्वी. दुसरी, कडक चाचणी होती. असे तोतये इतके विरळ, की मी ती गाळली.”

फिरोज काचेवरचा हात काढून तिच्याकडे वळला.

“मी तेव्हा तपासलेल्या यादीतल्या संख्या आणखी तीन यानांवर आहेत. त्या तपासायला, बदलायला सांगावं लागेल.”

“आणि त्यांचा कप्तान गेला तर? अस्सल संख्या तर फुटायची नाही.”

हेमांगी थबकली. मग ती संदेशयंत्राशी बसली. आधी चूक आपली असल्याचं लिहिलं. त्याखाली लिहिलं : ‘संख्या बदला. पण त्याआधी नव्या किल्लीचे तीन वाटे करा, कोणत्याही दोघांना मिळून दार उघडता येईल असे.’

फिरोजने वाचलं आणि खाली आपलीही सही केली.