आबांचं मुसकं

धाकट्या शुभाआत्याचं लग्न झालं ते २०४७ साल. त्याआधी थोडेच दिवस निवृत्तीआबांना पक्षाघात (मेंदूचा रक्तपुरवठा अडून अंगाची एक बाजू लुळी पडणे) झाला होता. उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा.

हाताला व्यायाम द्यायला दवाखान्यातून चंदू नावाचा यंत्रमानव यायचा. लग्न उरकल्यावर तो कोड्यात पडला. शेजारच्या सुलभामावशींना तोच आजार, तीच औषधं, तोच व्यायाम. त्या भाकरी थापू लागल्या आणि आबांना पेला धरता येईना!

"मेंदू नवी वाट पाडतो ती याच महिन्यांत," चंदू म्हणाला. "हे दिवस वाया गेले तर हात असाच राहील. आबा, दवाखान्यानं श्वासासाठी दिलेला मुखवटा झोपताना लावता ना?"

"लावतो की."

"मग पट्ट्यांना घामाचा डाग कसा नाही?"

आबा भिंतीकडे बघू लागले. दारात उभ्या नातीचे, राहीचे, कान तापले. हळदीच्या दिवशी आबांनी तो नवा मुखवटा लावून पाहिला, तेव्हा मांडवभर पाहुण्यांसमोर तीच ओरडली होती, "आबांना मुसकं बांधलंय! आता पिकात तोंड घालणार नाहीत!" सगळे पोट धरून हसले. आबाही हसले. जन्मभर बैलांना मुसकी बांधलेला माणूस तो.

"पण आबा गाढ झोपतात," ती पुटपुटली. "किती घोरतात!"

"घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. नाक धर, तोंड मीट."

राहीनं धरलं. थोड्याच वेळात ती धापा टाकू लागली.

"आबांचं झोपेत हेच होतं. घसा सैल पडून श्वासाची वाट बुजते, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून उठतो. रात्रभर. हा निद्राश्वासरोध (झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबणे). दिवसा व्यायामानं शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. ओल्या भिंतीला रात्रभर धक्के दिले तर?"

"उभीच राहणार नाही."

"मुखवटा हवेचा हलका दाब देऊन वाट उघडी ठेवतो. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, हे खरं. पण लावलाच नाही तर कळणार कसं?"

"आबा, माझ्यामुळे..." राही म्हणाली.

"तुझ्यामुळे कशाला? मलाच उकडतं त्यात," आबा म्हणाले.

ते तिला सांभाळून घेत होते. त्यानं तर तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिनं मुखवटा उचलला, स्वतःच्या तोंडावर चढवला आणि अंगणात गेली. तिथं बायका शेवया वाळत घालत होत्या.

"अगंबाई, आता हिला कुणी बांधलं?" हशा पिकला.

राही खाली मान घालून, हसणं संपेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "हळदीला मी आबांना हसले, म्हणून ते हा लावत नाहीत. त्यांचा हात त्यामुळे बरा होत नाहीये."

आतून आबांचा आवाज आला, "आण इकडे ते. उलटं लावलंयस. बैलानंसुद्धा घेतलं नसतं असं!"

त्या दिवसापासून पट्टा राहीच आवळायची, आबांची नजर चुकवून. दिवाळीपर्यंत आबांची मूठ वळली. हात पहिल्यासारखा कधीच झाला नाही, पण शर्टाची बटणं ते स्वतः लावू लागले. चंदूनं दवाखान्यात सांगून ठेवलं, पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची झोप आधी तपासा, आणि घरच्यांनाही समजावा. पुढे झोपेचं शास्त्र शिकायला राही पुण्याला गेली.

निवृत्तीआबा २०५६ सालच्या माघात, एका दुपारी वारले.