न बसलेला झटका

मंगळवारी सकाळी अकराव्या उंदरानेही दारातच ठिय्या मांडला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

प्रयोग तसा साधा. पेटीला दोन खण, एक उजेडाचा, एक अंधाराचा. उंदराला अंधार प्रिय. तो आत पळतो आणि पायांना विजेचा हलकासा झटका बसतो. दुसऱ्या दिवशी तो दारात जितका वेळ थबकेल, तितकी त्याची आठवण पक्की. मेंदूत सापडणारं पेप्टाइड नावाचं एक द्रव्य टोचलं की ही आठवण जास्त टिकते, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. त्यात पाच वर्षं गेली होती आणि प्रबंध द्यायला उरले होते नऊ दिवस.

आणि हे अकरा महाभाग. त्यांना ना पेप्टाइड दिलेलं, ना झटका. कालच आलेले, कोरे करकरीत. तरी आत जायचं नाव घेईनात. सगळेच घाबरणार असतील तर पेप्टाइडचा फरक दिसणार कुठून? प्रबंधात लिहायचं काय, कपाळ?

"पेटीला वास राहिला असेल," तिचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले. "नीट धुऊन घ्या."

धुऊन? स्पिरिटने पुसून पुसून तिच्या बोटांची सालं निघाली होती. झटक्याची वायर काढून झाली. शेवटी पेटीच नवी करून आणली. उंदीर दारापर्यंत येत, मिशा हलवत आणि पाठ न फिरवता मागे सरकत.

"काका, आत आहे तरी काय?" उंदरांची देखभाल करणाऱ्या काकांना तिने वैतागून विचारलं.

"मला काय माहीत, मॅडम. मी आपला काठीला फडकं बांधून पुसतो."

"का?"

"तसं कारण काही नाही."

तिने बाही वर सारली आणि उजवा हात कोपरापर्यंत अंधाऱ्या खणात घातला. चारी बाजू चाचपल्या. गार पत्रा. बाकी काही नाही.

"बघा. आहे का काही?" हात बाहेर काढत ती म्हणाली. रागाने तिला रडू येत होतं.

काका भिंतीला टेकले होते.

पिंजऱ्यांत खसफस झाली. रोज तिच्या तळहातावर चढणारे जुने उंदीरसुद्धा मागच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते. यांतला एकही आता तिला हात लावू देणार नव्हता. प्रबंध तिथेच संपला.

"हे धरा," तिने त्याच हाताने स्टॉपवॉच पुढे केलं.

काकांनी ते घेतलं नाही.

ती बेसिनपाशी गेली. उजवा हात नळाखाली धरला.

साबण डाव्या हातात होता. तो हात उजव्याजवळ येईना.