तिसरं कडवं

त्या मंगळवारी सकाळी व्हर्लीन टेटमने लोण्याचा केक भाजला, तो केवळ पाहुणी येणार म्हणून. एकटीसाठी एवढा घाट कोण घालतो? नवरा हॉलिस जाऊन तीन वर्षं झाली होती, दोघी मुली दूर डेट्रॉइटला. स्वयंपाकघरातला रेडिओ सकाळी लागायचा तो निजतानाच बंद व्हायचा. घरात कुणाचा तरी आवाज असावा, एवढ्यासाठीच. फक्त एक गाणं सुरू झालं की ती हातातलं काम टाकून, ओल्या बोटांनीच रेडिओचा काटा दुसऱ्या स्टेशनवर फिरवायची.

पाहुणी नेमकी त्याच गाण्यासाठी येणार होती.

रेनिटा ॲस्क्यू गावातल्या रेडिओ स्टेशनवर कामाला होती. चाळिशीची, उंच, जरा पुढे वाकून चालणारी बाई. तीनच्या सुमारास ती आली तेव्हा टेनेसी नदीवरून धुकं वर सरकत होतं, समोरचा रस्ता अर्धा पुसला गेला होता. तिच्या एका हातात सीडी वाजवायचं यंत्र होतं आणि काखेत जुना टेपरेकॉर्डर.

"मिस व्हर्लीन, बूट कुठे काढू? अर्ध्या अलाबामाचा चिखल लागलाय त्यांना."

"काढ तिथेच. आणि आधी खाऊन घे. स्टेशनवाले उपाशी ठेवतात वाटतं, नुसती काठी झालीयेस."

"काठीच आहे मी. आमच्याकडे सगळ्याच काठ्या. आई गेली, तीही काठीच."

दोघी हसल्या. केक संपला, कॉफी झाली. मग रेनिटाने टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून बटण दाबलं. गाण्याला चाळीस वर्षं होत होती. त्याच्या जन्मापासून आजपर्यंतची हकीकत तिला तासाभराच्या कार्यक्रमात सांगायची होती. "मूळ रेकॉर्डिंगला हजर असलेल्या तुम्ही एकट्याच उरलात," ती म्हणाली.

'कडी लावू नकोस' हे ते गाणं. १९६६ च्या नोव्हेंबरात नदीकाठच्या तंबाखूच्या एका रिकाम्या गोदामात ते रेकॉर्ड झालं. गाणारा अर्झेल प्रुइट तेव्हा सत्तावीस वर्षांचा. आठवडाभर तो कापसाच्या जिनिंगमध्ये गठ्ठे ओढायचा आणि रविवारी चर्चमध्ये गायचा. "चर्चमध्ये देवाला जे म्हणतो तेच बाईमाणसाला म्हणायचं, झालं सोल संगीत," असं तो म्हणायचा. त्यावरून चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मागे साथ करणाऱ्या तीन मुलींत चोवीस वर्षांची व्हर्लीन होती.

गाणं गाजलं. आणि दोनच महिन्यांत अर्झेल वारला.

"त्यानंतर नऊ जणांनी ते म्हटलं," रेनिटा सांगत होती. "नऊ देशांत नसेल, पण निदान पाच देशांत. त्यातली चार रेकॉर्डिंगं मी मुद्दाम आणलीत. मला त्यांत काहीतरी... तुम्हीच ऐका ना."

व्हर्लीनला नको म्हणायचं होतं. पण समोर कुणीतरी बसलेलं होतं, कितीतरी दिवसांनी. तिने मान हलवली.

पहिलं गाणं १९६९ चं, इंग्लंडमधल्या चार पोरांचं. गिटारींचा नुसता धुमाकूळ. व्हर्लीनने तोंड वाकडं केलं. "यांना कुणी दार उघडेल? आधी पोलीस बोलावतील." रेनिटा हसली, पण तिने बोट वर केलं. शेवटचं धृपद झालं, वाद्यं मंदावत विरायला लागली. आणि त्या विरत जाणाऱ्या गोंगाटाच्या मागे, खूप लांब, एक पुरुष हळूच काहीतरी म्हणाला.

"ऐकलंत? शब्द कळत नाहीत. त्या चौघांपैकी हा कुणाचाच आवाज नाही."

व्हर्लीनला शब्द कळले होते. तिने हातातला कप खाली ठेवला. *पाऊस गोठला, रस्ता सरला.*

दुसरं गाणं जमैकातलं, १९७३ चं, संथ, झुलतं. शेवटी तोच आवाज, जरा अलीकडून. *हातातला दिवा विझून गेला.* तिसरं नॅशव्हिलच्या एका गोऱ्या बाईचं, १९८५ चं. तिच्या आवाजात ओल होती, गाणं तिने जीव ओतून म्हटलं होतं. आणि ती थांबल्यावर तिच्या अगदी पाठीशी उभं राहून कुणी म्हणावं तसं, *तुझ्या दारी मी उभा राहिलो.*

"थांबव," व्हर्लीन म्हणाली.

रेनिटाने गाणं थांबवलं. टेपरेकॉर्डर तेवढा फिरत राहिला. बाहेर धुकं खिडकीच्या काचेला येऊन टेकलं होतं; फडताळाच्या ओल्या लाकडाचा वास अचानक जाणवायला लागला.

"तुम्ही ओळखता त्याला," रेनिटा हळू आवाजात म्हणाली.

"अर्झेल आहे तो."

"ते कसं... अर्झेल सदुसष्टच्या जानेवारीत गेला."

"माहीत आहे मला कधी गेला ते."

मग व्हर्लीन बोलायला लागली. जे तिने हॉलिसला सांगितलं नव्हतं, पाद्र्याला सांगितलं नव्हतं, ते तिने चिखलाचे बूट दाराशी काढून बसलेल्या या बाईला सांगितलं.

गाण्याला तिसरं कडवं होतं. चर्चमध्ये वारा घ्यायला पुठ्ठ्याचे पंखे असतात, त्यातल्या एकाच्या पाठीवर अर्झेलने ते लिहून आणलं. चार ओळी. त्यातल्या तीन याच, आत्ता ऐकलेल्या. चौथी ओळ प्रश्नाची होती: आत कुणी जागं आहे का? त्याचं उत्तर व्हर्लीनने द्यायचं, एकटीने, सगळ्यांसमोर. 'आहे. मी जागी आहे.' एवढंच. पण हॉलिसशी तिचं जवळजवळ ठरलेलं होतं, आणि ते उत्तर कुणासाठी आहे हे गोदामातल्या प्रत्येकाला कळलं असतं. ती म्हणाली, मी नाही म्हणणार. अर्झेल हसला. "मग कडवंच नको," म्हणाला, आणि पंखा घडी करून खिशात घातला.

"जानेवारीत माझ्या साखरपुड्याचं जेवण होतं. हॉलिसची आई, त्याच्या आत्या, सगळे बसलेले. बाहेर बर्फाचा पाऊस. संध्याकाळचे साडेसहा असतील, मी स्वयंपाकघरात भाजी वाढून घेत होते, तर मागच्या दारावर टकटक झाली. मी कोण म्हणून विचारायच्या आत तो म्हणाला, 'व्हर्लीन, आत कुणी जागं आहे का?' थट्टेत म्हणाला गं. घर माणसांनी भरलेलं, दिवे लागलेले, आणि विचारतोय कुणी जागं आहे का. आवाज बसला होता त्याचा. खोकत होता."

"मग?"

"मी वाडगा घेऊन दाराच्या आत उभी राहिले. श्वाससुद्धा घेतला नाही. पलीकडून हॉलिसच्या आईने विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, कुणी नाही, वारा आहे."

व्हर्लीनने टेबलक्लॉथची एक सुरकुती हाताने सपाट केली, मग पुन्हा केली.

"तो बराच वेळ उभा होता. मला त्याचे बूट वाजलेले ऐकू आले, नंतर. दुसऱ्या दिवशी नदीच्या उताराशी गाडीत सापडला. काचा आतून गोठलेल्या. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया अंगावर काढला होता. मला कुणी बोल लावला नाही. कुणाला माहीतच नव्हतं ना."

रेनिटाने धीर दिला नाही की दोषही नाही. तिने विचारलं, "चौथं लावू?"

"लाव."

चौथं नॉर्वेतल्या एका मुलीचं होतं, पाच वर्षांपूर्वीचं. नुसता पियानो आणि तिचा आवाज. बाकी काही नाही. गाणं संपलं, पियानोचा शेवटचा स्वर लांबत गेला, आणि मग तो आला. आता लांबून नाही. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरून यावा इतक्या जवळून. व्हर्लीनच्या अंगावर काटा आला तो त्या जवळिकीने नव्हे. आवाज म्हातारा झाला होता. सत्ताविसाव्या वर्षी गेलेला माणूस, त्याच्या आवाजाला कंप सुटला होता, दम लागत होता, दातांतून हवा जात होती. ती इथे रेडिओ लावून एकेक वर्ष ढकलत होती, तशीच त्यानेही तिथे ती सगळी वर्षं काढली होती, दाराशी उभ्याने.

*आत... कुणी जागं आहे का?*

व्हर्लीनने तोंड उघडलं. चर्चमध्ये गाणंही तिने केव्हाच सोडलं होतं. तरी सूर सापडला, जरा खाली, खरखरीत, पण तोच.

"आहे," ती गायली. "मी जागी आहे."

खोलीत काहीच झालं नाही. दार वाजलं नाही, दिवा मिणमिणला नाही. रेनिटाने टेपरेकॉर्डर बंद केला. बाहेर अंधारून येत होतं. व्हर्लीनला वाटलं, उशीर झाला. चाळीस वर्षांनी उठून काय उपयोग, दाराशी कोण राहतं एवढं?

"आलं असेल का टेपवर?" रेनिटाने विचारलं. "तुमचं उत्तर."

तिने टेप मागे घेतली आणि लावली. पियानो ऐकू आला. तो प्रश्न. मग व्हर्लीनचा स्वतःचा आवाज, तिला अनोळखी वाटावा असा. याच्यापुढे रेनिटाने बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं होतं. टेप इथे कोरी असायला हवी होती.

टेपवर कुणीतरी लांब श्वास सोडला. डोक्यावरचं ओझं उतरवून खाली ठेवताना माणूस सोडतो तसा. मग बुटांचा आवाज, सावकाश, लांब जाणारा. घाई नव्हती त्यात. व्हर्लीनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिने पुसलं नाही.

"गेला," ती म्हणाली. "गेला गं तो."

रेनिटाने बंद करायला हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

टेप अजून शांत झाली नव्हती. पावलं होती. एकाची नव्हे, पुष्कळांची. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी चर्चमध्ये असते तशी चाहूल: बाकांची करकर, कपड्यांची सळसळ, कुणीतरी लहान मुलाला गप्प केलं. लांब कुठेतरी अर्झेलसारखीच उभी असलेली माणसं, या बाजूने उत्तर मिळतं हे ऐकून, एकेक करून जवळ येत असावीत. ती येतच होती. गर्दी आता अगदी यंत्राच्या तोंडाशी दाटली होती.

आणि मग, सगळ्यांच्या पुढे, एका बाईने घसा साफ केला. हळूच, दोनदा.

"बंद कर," व्हर्लीन म्हणाली. "रेनिटा... बंद कर ते."

रेनिटाने बंद केलं नाही. तिने खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली, कान यंत्रापाशी नेला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून व्हर्लीनला पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

"थांबा ना, मिस व्हर्लीन..." ती पुटपुटली. "माझी आई असंच करायची. गायच्या आधी."