खडूच्या तीन रेघा

"आजोबा तुमचे का? मग बसवा ना त्यांना, केव्हाचे उभे आहेत," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले.

चहाचे दोन कप सावरत दारातून आत येणारा तो मुलगा जागीच थांबला. कपाळावर घाम, केस विस्कटलेले, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

तेव्हा माझी बारावी संपली होती, नीटचा निकालही लागला होता. मार्क असे की एमबीबीएस मिळणार नाही, बाकी बरंच काही मिळेल. बाबांचं म्हणणं, एक वर्ष घरी बस आणि पुन्हा परीक्षा दे. मला डॉक्टर व्हायचंय की नाही, हेच मला कळत नव्हतं, आणि बाबांना तसं सांगायची छाती होत नव्हती. घरातल्या त्या चर्चेतून सुटका हवी होती, म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या यमुनाआत्याला गारखेड्याहून रोज रिक्षाने हॉस्पिटलात फिजिओथेरपीला न्यायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

त्या दिवशी तिथल्या नीरजा मॅडमनी मलाच कामाला लावलं. अर्धांगवायूतून उठलेले सांडूआजोबा उजवा पाय फरफटत चालायचे. "फरशीवर खडूने आडव्या रेघा ओढ," मॅडम म्हणाल्या. "एकेका रेघेवर पाय ठेवत चालू देत त्यांना." मी सारख्या अंतरावर तीन रेघा ओढल्या. मॅडम दुसऱ्या पेशंटकडे वळल्या, आणि आजोबा पहिल्या रेघेपाशी येऊन जे थांबले ते थांबलेच. 'ठेवा ना पाय' म्हणून म्हणून मी दमले. ते नुसती मान हलवत होते. त्यांना जमत नसणार, असं वाटून मला वाईट वाटत होतं, आणि नेमका तेव्हाच हा चहा घेऊन उगवला.

"बसवायचं नाय त्यांला," कप खाली ठेवत तो म्हणाला. "काय झालं, आबा?"

"पेरलंय," आबांनी जड जिभेने सांगितलं आणि रेघांकडे बोट केलं.

तो हसला. "आमची तिफण पेरताना मातीत अशेच तीन तास पाडती. पेरलेल्या तासावर कुणी पाय देतं व्हय? म्हणून थांबलेत."

"मग... ओलांडू देत," मी म्हणाले.

आबांनी भिंतीलगतचा आडवा गज घट्ट धरला. फरफटणारा तो पाय हळूहळू वर उचलला गेला, थरथरला आणि रेघेच्या पलीकडे टेकला. मग दुसरी रेघ. मग तिसरी. मॅडम धावत आल्या. "मी उलटंच सांगत होते की," असं म्हणत त्या स्वतःवरच हसल्या. माझे डोळे मात्र भरून आले होते. मला हेच करायचं होतं. माणसांना पुन्हा चालतं करायचं होतं.

त्या मुलाचं नाव विश्वजीत. फुलंब्रीचा, माझ्यासारखाच बारावी झालेला. आत्या आणि आबा आत व्यायाम करत, तेव्हा आम्ही बाहेर लिंबाखाली बसायचो.

"तुला काय व्हायचंय?" मी विचारलं.

"नर्सिंगला जायचंय." मग जरा थांबून म्हणाला, "घरी नाय सांगितलं आजून. काका म्हणतील, पोरींचं काम हाय ते."

"आबांना आंघोळ कोण घालतं?"

"मीच."

"मग झालं की. सांगून टाक."

"तू सांगितलं का तुझ्या बाबांना?"

मी चपलेच्या टोकाने माती उकरत राहिले.

"लई हुशार," तो म्हणाला. "दोघं बी आजच सांगू. जो सांगणार नाय, त्यानं उद्या चहा पाजायचा."

रात्री जेवताना मी धीर करून सांगितलं, मला फिजिओथेरपी शिकायचीय. बाबा पुन्हा परीक्षेचंच बोलू लागले. तेव्हा यमुनाआत्या कशालाही हात न लावता खुर्चीतून उठली, चार पावलं चालत आली आणि तिने बाबांच्या ताटात आमटी वाढली. बाबा तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कर. पण मन लावून कर."

दुसऱ्या दिवशी विश्वजीत हसतच आला. "काका लई हसले. आबा म्हणाले, हसणाऱ्यानं उद्यापासून मला आंघोळ घालावी. मग काका गप बसले."

चहाची पैज कुणीच हरलं नव्हतं, म्हणून आम्ही एकच कप अर्धा अर्धा घेतला. कपाची कड मी मुद्दाम न पुसता त्याच्या हातात दिली. त्याच्या लक्षात आलं असावं... कान लाल झाले होते.

पुढे तो लातूरला शिकायला गेला, मी इथेच राहिले. फोन व्हायचे. जेवलीस का, झोपलास का, आबा कसे आहेत. जे बोलायचं ते सोडून सगळं बोललो आम्ही.

यंदा मी त्याच विभागात कामाला लागले आणि तो वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात. परवा आबा मला भेटायला म्हणून आले, स्वतःच्या पायांनी, आणि बाकावर बसले. मी पुढच्या पेशंटसाठी रेघा ओढत होते. दारात विश्वजीत उभा होता, हातात चहाचा ट्रे. पहिल्या रेघेशी थांबला.

"ये ना आत."

"आधी एक बोलायचंय... मग वलांडतो."

"बोल."

"तू मला लई आवडतीस, सावनी. त्या दिवशी फणकारलीस ना, तवापासून."

बाहेर लिंबावर पाऊस वाजत होता. माझ्या हातातला खडू मोडला.

"इतकी वर्षं काय केलंस मग?"

"नोकरीची वाट बघितली. आणि तुझी भीती वाटत होती."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "कधीपासून ते विचारू नकोस."

"वलांड की आता," बाकावरून आबा म्हणाले. "चहा थंडा व्हायलाय."

त्याने एकेक रेघ जपून ओलांडली. मी आधी आबांच्या पाया पडले. त्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं नाही, म्हणून मला माझं काम सापडलं आणि हा वेडाही. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आणि हो, त्याच्या डोळ्यांचं सांगायचं राहिलं. पण ते आता मी माझ्यापाशीच ठेवते.