माशाबरोबर मखमल

"तपास नकोय मला. पुरावा हवाय," आन्सेल्म लाबार्थ गुरगुरला. "सहाच्या बसनं ही बया जाणार. पोलिसांकडे की माहेरी, तेवढं तुम्ही ठरवा."

मेलिना दारात उभी होती. आठ वर्षं या घरात रांधणारी. एका हातात बॅग, कडेवर सात महिन्यांची लेक. लेक आईच्या कोटाचं बटण चोखत होती.

तपासासाठी बोलावलेल्या उर्स्यूलबाईंनी आधी लेकीच्या ओल्या हनुवटीला बोट लावलं, मग म्हाताऱ्या आन्सेल्मकडे वळल्या. त्यांचा सोबती दुफो, निवृत्त पोलीस, वही उघडून बसला.

"काल तीनला गावची सभा होती," आन्सेल्म म्हणाला. "सामाईक द्राक्षमळा विकायला माझा विरोध. आणि मी जेवणानंतर जो आडवा झालो, तो थेट संध्याकाळी उठलो! एका मतानं मळा गेला. डॉक्टर म्हणतो, झोपेचे थेंब. परवा पोर रडते म्हणून हिला झापलं, हिनं माझ्या सुपात उट्टं काढलं."

"सूप कसं लागलं?"

"सूप नेहमीसारखंच. वाइन तेवढी कडूजहर. वर बदकाची चरबी खाल्ली, तरी जीभ आखडलेलीच. साठ वर्षांत पहिल्यांदा."

आन्सेल्मची मुलगी सिदोनी ओठ मुडपून म्हणाली, "थेंब माझे. कपाटाला कुलूप नसतं, हे तिला ठाऊक आहे. वाइन मी पीत नाही, लिव्हर बरं नाही. बाबा आणि गास्पार दोघंच पितात. सूप संपलं तेव्हा गास्पारचा पेला रिकामा होता, मी पाहिलाय."

"मग?" तिचा पॅरिसचा नवरा गास्पार हसला. "बाटली मीच उघडली, मीही प्यायलो, मी ठणठणीत. म्हणजे म्हाताऱ्याच्या थाळीतच होतं. शेंबडं पोरही सांगेल."

"बदकाबरोबर प्यायलात?"

"बदक मला पचत नाही. माझ्यासाठी ट्राउट मासा होता. दुसरा पेला त्याच्याबरोबर घेतला. काय लागली सांगू! मऊ. मखमल."

"इथे किती वर्षं झाली, जावईबापू?"

"पाच. खुन्यालासुद्धा एवढ्यात पॅरोल मिळतो."

मेलिनाचा संताप उसळला. "जावईबापूंना अन्नाची किंमत आहे का? तळाच्या सुपात घोटभर वाइन ओतायची आणि थाळी तोंडाला लावायची, हा आमचा रिवाज. यांनी अख्खा पेला ओतला आणि थाळी तशीच परत! मी ती डुकराच्या पिल्लाला घातली."

"थाळी तशीच राहिली, हे तुम्हाला दिसलं नाही?" बाईंनी आन्सेल्मला विचारलं.

"त्याच्याकडे बघून माझं अन्न उतरत नाही."

दुफो गोठ्यात डोकावून आला. "पिल्लू झोपलंय, बाई. टोचलं तरी हलत नाही. आळशी दिसतंय."

"आळशी पिल्लू जेवायला तरी उठतं, दुफो. थेंब बाटलीत होते."

बाई आन्सेल्मकडे वळल्या.

"मालक, आपली इथली मादिराँ वाइन नुसती प्यायली तर तोंड आवळतं. पण बदकाची चरबी पोटात गेली की तीच वाइन गोगलगाय होते. काल झाली नाही. तो कडूपणा द्राक्षांचा नव्हता. सूप मात्र नेहमीसारखं लागलं, म्हणजे थेंब सुपात नव्हते."

"पण मीही प्यायलो!" गास्पार ओरडला.

"माशाबरोबर ही वाइन म्हणजे गंजका खिळा चघळणं. इथे कुणालाही विचारा. तुम्हाला मखमल लागली, कारण तुम्ही थेंबभरही चाखली नाहीत. पहिला पेला रिवाजाच्या आडून थाळीत रिकामा केलात. थाळीतलं पिल्लाच्या पोटात गेलं आणि ते अजून झोपलंय. बाटली तुम्ही उघडलीत, आणि ती पिणारे दुसरे एकटे मालक. सभेत मळा विकायच्या बाजूनं हात कुणी वर केला होता?"

सिदोनी नवऱ्यापासून सरकून बसली. "तूच."

"नीघ," आन्सेल्म गास्पारला म्हणाला. मग मेलिनाकडे न बघता, "बॅग खाली ठेव. पोरीला थंडी लागेल."

मेलिना हलली नाही. "आधी विचारा, मालक."

"काय विचारू?"

"काल जे विचारायला हवं होतं ते."

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"मेलिना," म्हाताऱ्यानं तिच्याकडे वळून विचारलं, "तू केलंस का?"

"नाही," ती म्हणाली, आणि बॅग खाली ठेवली.