मागनं चौघं येत्यात

तुम्ही सायकली घेऊन आडवाटेनं आटपाडीपर्यंत जाणार म्हणता, म्हणून सांगतो. बसा. कंदिलाची वात वाढवू नका, आहे तेवढा उजेड पुरे.

शहात्तर सालचा माघ महिना होता. मी तेव्हा कोरेगावात चित्रकलेचा मास्तर. आम्ही शाळेपासूनचे चार मित्र. हंबीरराव फौजेत होता, राहीबाईंचा एकुलता एक. जोतीराम शिंपीकाम करायचा. बोलायचा कमी, ऐकायचा जास्त. आणि दादासो चांगल्या बागायती घरातला, ऊसवाला. डांबरीला चाक न लावता, नुसत्या गाडीवाटांनी आणि पाणंदींनी आटपाडी गाठायची, ही कल्पना माझी. त्या कल्पनेनं माझंच डोकं उठवलं होतं. हंबीरला रजा मिळाली की दादासोच्या उसाला तोड यायची. दादासो मोकळा झाला की जोतीरामकडं लग्नाच्या कपड्यांचा ढीग. बैलगाडीवाल्यांना विचारून विचारून मी वाटांचा नकाशा काढला, तो घडी घालून ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. शेवटी चौघांचं जमलं तेव्हा हंबीरची रजा संपत आली होती.

पहिल्याच दिवशी बाभळीच्या काट्यांनी वीट आणला. एक पंक्चर काढून हात पुसतोय तोवर दुसऱ्याचं चाक बसायचं. पंपाचं वायसर गेलं. रहिमतपूरच्या पुढं माझ्या नकाशातली वाट कुणीतरी नांगरून टाकली होती. दादासो घटकेघटकेला म्हणायचा, "नाथा, डांबरी काय चावतीय का रं तुला?" हंबीर फौजी चालीत पुढं निघून जायचा आणि कुठल्यातरी टेकाडावरून हाका मारायचा. मी सगळ्यांवर धुमसत होतो.

दिवस मावळता मावळता पुसेसावळीच्या अलीकडं एका मळ्यातल्या वस्तीवर पोचलो. मला वाटलं, आता ओळखपाळख नसताना गयावया करून जागा मागायची. तर हरिबा नावाचा म्हातारा अंगणात घोंगडी अंथरून वाटच बघत बसलेला. आत चुलीवर पिठलं रटरटत होतं.

"या. तुमचा गडी मगाशीच सांगून गेला, मागनं चौघं येत्यात म्हनून."

"कोण गडी?"

"सायकलवाला. टेकला न्हाई, लगीच गेला म्होरं."

मला वाटलं, दादासोनं घरचा माणूस पुढं धाडलाय. रागच आला. मी वाटा हुडकत मरतोय आणि याला पाहुणचाराची पडलेली. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी कशाला धाडीन? हंबीरचं काम आसंल." हंबीरनं जोतीरामकडं बोट दाखवलं. जोतीराम नुसता मान हलवत राहिला. पोटात कावळे ओरडत होते. जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी कडेगावच्या रानात शिरलो. जाळलेल्या पाचटाचा वास घशात बसत होता. दादासोची साखळी तुटली. दगडानं ठोकून बसवली, तर निसटायला लागली. तो मला शिव्या देत होता आणि मी नकाशाला. एका निंबाखाली चहाचं छप्पर दिसलं तेव्हा कुठं जिवात जीव आला. हॉटेलवाल्यानं चहा आधीच गाळून ठेवला होता. बाकड्यावर तीन ग्लास.

"अजून एक द्या," हंबीर म्हणाला. "आमी चौघं हाय."

"तुमचा माणूस तर तिघं येत्यात म्हनला."

मग मी विचारलं, "दिसायला कसा आहे तो?"

"उन्हाकडं पाठ करून हुता, तोंड न्हाई दिसलं. पर तुमच्यातलाच वाटला."

दादासो उसळला. आम्ही तिघं मिळून त्याला काढून लावतोय, असंच त्याच्या मनानं घेतलं. विट्यापर्यंत भांडत गेलो. गावाच्या तोंडाशी साखळी पुन्हा तुटली. त्यानं सायकल खाली टाकली आणि लाथ मारली. "बास झालं! तुमची सहल तुमास्नी लखलाभ." सायकल एस.टी.च्या टपावर चढवून तो कोरेगावला निघून गेला. सुखरूप पोचला, हे सांगून ठेवतो. पण गाडीचा धुरळा खाली बसला तेव्हा जोतीराम माझ्या कानाशी म्हणाला,

"नाथा... तिघं राहिलो आपण."

सकाळी विट्यातल्या देवळाच्या ओवरीत सायकली आवळताना मी ठरवलं, नकाशा आता उघडायचाच नाही. फाटा येईल तिथं उभं राहायचं आणि मनात येईल ती वाट धरायची. माझं मलाच ठाऊक नसलं तर दुसऱ्याला कुठून कळणार? हंबीर हसला. "कुनीतरी खेळवतोय आपल्याला. हाताला लागू दे त्यो."

खानापूरच्या पुढं माळ सुरू झाला. कुसळं आणि दगड, दुसरं काही नाही. ऊन एवढं लख्ख की सावलीसुद्धा अंग चोरून पायाखाली आलेली. वाऱ्यावर कुसळं सळसळायची आणि आमच्या चाकांची बारीक करकर, एवढाच आवाज. मी एकदा डावी वाट धरली, एकदा मेंढरांच्या पायवाटेनं चढ चढलो, एकदा वाट सोडून सरळ रान तुडवलं. आणि तिथं, कुठंच काही नसताना, मला वास आला. पंक्चरच्या सोल्युशनचा. ताजा. जणू आत्ताच कुणी ठिगळ चिकटवून उठलंय.

मी जोतीरामकडं बघितलं. त्यालाही आला होता.

खोलगटात धनगरांचा वाडा लागला. मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्यापाशी बनुबाई नावाची बाई दुधाची चरवी घेऊन उभी होती. आम्हाला बघून ती दगडावर ठेवलेल्या वाट्यांकडं बघायला लागली. वाट्या दोनच होत्या.

"दोघंच येनार म्हनला त्यो... तुमी तिघं कसं?"

हंबीरचं तोंड लाल झालं. "कंच्या वाटंनं गेला?"

बाईनं हनुवटीनं पूर्वेकडं दाखवलं. मी हंबीरच्या सायकलीचं कॅरिअर धरलं. "हंबीर, ऐक माझं. परत फिरू. तिघं मिळून, एकमेकाला धरून."

"सोड रं! सायकलवर फिरतोय म्हंजी मानूसच हाय न्हवं? त्येला भेतायसा? आनतो धरून तुमच्या म्होरं."

हिसका देऊन तो सुटला. आम्ही मागं निघालो, आणि हाकेच्या अंतरावर गेलो नाही तोच माझं मागचं चाक बसलं. आयुष्यात इतका राग मला कशाचाच आला नसेल. मी दगडावर मूठ आपटली. जोतीराम मला सोडून जायला तयार नव्हता. ठिगळ लावायचं, ते सुटायचं. पुन्हा घासायचं, पुन्हा लावायचं. लांब, हंबीर दिसेनासा झाला त्या दिशेला, सायकलची घंटी वाजली. आणि तिला उत्तर दिल्यासारखी... दुसरी.

पुढच्या विहिरीवर बिराप्पा नावाचा म्हातारा मेंढरांना पाणी पाजत होता.

"दोघं गेलं की आत्ताच. योक खाकी चड्डीतला, फौजी वाटला. सायकलीला सायकल लावून चालली हुती. म्हनला, मागनं दोघं येत्यात."

"कोण म्हणाला? फौजी?"

"न्हाई, त्यो दुसरा. फौजी कायबी बोलला न्हाई. नुसता मान हालवत हुता."

हंबीरची सायकल ओढ्याच्या कोरड्या पात्रात सापडली. स्टँडवर उभी, कुलूप लावलेली. वाळूत चाकाची एकच रेघ होती आणि ती सायकलीपाशी येऊन संपत होती. पावलं कुठंच नव्हती. ना जाणारी, ना येणारी.

धनगरांची अख्खी वस्ती शोधायला बाहेर पडली. विहिरीत गळ टाकले. आटपाडीहून पोलीस आले, त्यांनी आमच्यावरच संशय घेतला, मग सोडून दिला. फौजेत तो पळून गेला अशी नोंद झाली. हंबीर आजवर सापडलेला नाही.

जोतीराम शोधणाऱ्यांबरोबर थांबला. आमच्या सायकली पोलिसांनी ठेवून घेतल्या होत्या. राहीबाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. एस.टी.त बसून मी वाक्यं जुळवत होतो. एकही धड जुळेना. हंबीरच्या हट्टाचा राग येत होता, त्या ठिगळाचा येत होता, आणि हे कसं सांगायचं, याचा सगळ्यात जास्त.

दुपार कलली होती. राहीबाई दारात मटकी निवडत बसल्या होत्या. मी अंगणात पाय ठेवला आणि त्यांचे हात थांबले.

"मावशी," मी म्हणालो, "आवं, हंबीर..."

"मागनं येतोय. ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं तुमाला?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, पायांपर्यंत. मग सूप बाजूला सारून हळूच उठल्या आणि उंबऱ्याच्या आत गेल्या.

"नाथानं सांगितलं," त्या म्हणाल्या. "मगाशी सायकलीवनं आला त्यो. म्हनला, हंबीर मागनं येतोय. आन् म्हनला... मावशी, माझ्यावानीच दिसनारा योकजन येईल. त्येला घरात घेऊ नगासा."

"मावशी, मीच नाथा! अहो, मी..."

दार लागलं. आतून कडी सरकली. मी दारावर हात ठेवून तसाच उभा राहिलो. आणि मग आतून, अगदी हळू, राहीबाई कुणाला तरी विचारताना ऐकू आल्या,

"गेला का रं त्यो?"